मृदू ऊतक सार्कोमा : पुनरुद्भव व जगण्याचे प्रमाण

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे, तंतुमय ऊतक यांतून उद्भवणाऱ्या मारक गाठींचा गट. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का असला, तरी त्यात ५० हून अधिक प्रकार मोडतात. लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा हे त्यांतले नेहमीचे. निम्म्याहून अधिक गाठी हातापायांत, विशेषतः मांडीत होतात. उपचारांनंतर रोग दोन वाटांनी परततो : शस्त्रक्रियेच्या जागीच (स्थानिक पुनरुद्भव) किंवा दूरच्या अवयवात, बहुधा फुप्फुसात (विक्षेप). रुग्ण किती जगेल याच्याशी या दोन्ही वाटांचे नाते सारखे नाही, हे वैद्यकाला बऱ्याच उशिरा उमगले.

गाठ त्याच जागी परत येते त्याचे मूळ तिच्या वाढीच्या रीतीत आहे. वाढता वाढता ती भोवतालचे ऊतक दाबते आणि त्याचेच एक खोटे वेष्टन तयार होते. शेंगेतून दाणा काढावा तशी ती या वेष्टनातून अलगद सुटते, आणि शस्त्रक्रिया सुरेख झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात वेष्टनाच्या भिंतीत व तिच्या पलीकडेही कर्कपेशी असतात. म्हणून गाठ भोवतालच्या निरोगी ऊतकाच्या थरासकट काढावी लागते. या थराची, म्हणजे कडेची, प्रतवारी सांगणारी आजही वापरात असलेली परिभाषा अमेरिकन अस्थिशल्यविशारद विल्यम एनेकिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. ‘चरबीची गाठ’ समजून, एमआरआय किंवा बायॉप्सी न करता काढलेली गाठ प्रयोगशाळेच्या अहवालात सार्कोमा निघणे, ही या रोगातली नेहमीची दुर्घटना होय. अशा रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केली, की अनेकांच्या जखमेत उरलेला रोग सापडतो. गाठ ५ सेंमी.पेक्षा मोठी असेल, खोलवर असेल किंवा वाढत असेल, तर आधी एमआरआय, मग सुईने बायॉप्सी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया हा क्रम पाळावा लागतो, तो यासाठीच.

पूर्वी अशा रुग्णांचा हात किंवा पाय सर्रास कापत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने ४३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली : १६ जणांचा अवयव कापला, तर २७ जणांची फक्त गाठ काढून रेडिएशन दिले. दोन्ही गटांना केमोथेरपी मिळाली. १९८२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अवयव राखलेल्यांपैकी ४ जणांत गाठ त्याच जागी परतली, कापलेल्यांत एकाचीही नाही. जगण्याच्या प्रमाणात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. चाचणी इतकी लहान, की आज तिच्या जोरावर एखादे औषधही बाजारात येणार नाही. तरी तिने असंख्य पाय वाचवले. त्याच संस्थेच्या १९९८ च्या चाचणीतही तेच दिसले : रेडिएशनने स्थानिक पुनरुद्भव पुष्कळ घटला, आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रेडिएशन कधी द्यावे याचे उत्तर कॅनडातील २००२ च्या चाचणीने दिले, तेही सौद्याच्या रूपात. शस्त्रक्रियेआधी दिल्यास मात्रा कमी लागते (६६ ऐवजी ५० ग्रे) व पुढे अवयव कमी आखडतो. पण जखमेचे त्रास १७ वरून ३५ टक्क्यांवर जातात.

मृत्यूचा धोका मुख्यतः विक्षेपावर, आणि विक्षेप गाठीची श्रेणी, आकार व खोली यांवर अवलंबून असतो. श्रेणी ठरवताना पेशींचे विभेदन, विभाजनाचा वेग व गाठीतील मृत भाग पाहतात. उच्च श्रेणीचा रोग परतला, तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परतताना दिसतो. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग मूळ जागीच असताना निदान झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षे जगतात. दूर पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. या सरासरीवर फार विसंबू नये. सुविभेदित लायपोसार्कोमा रूप पालटल्याखेरीज सहसा पसरत नाही. मिक्सॉइड लायपोसार्कोमा फुप्फुसे सोडून मणक्यातही उतरतो. फुप्फुसात मोजक्याच गाठी असल्या, तर त्या काढून काही जण दीर्घकाळ जगतात.

स्थानिक पुनरुद्भवाचा जीविताशी संबंध कमी, हा नियम हातापायांपुरताच. पोटामागच्या पोकळीतील गाठीभोवती मूत्रपिंड, आतडे, मोठ्या रक्तवाहिन्या असतात; रुंद कड मिळत नाही आणि अनेक रुग्ण तिथेच परतलेल्या रोगाने दगावतात. तिथे पहिली शस्त्रक्रियाच निर्णायक. २६६ रुग्णांच्या युरोपीय ‘स्ट्रास’ चाचणीत (२०२०) तिच्या आधी दिलेल्या रेडिएशनचा एकूण गटाला फायदा दिसला नाही.

औषधांत डॉक्सोरुबिसिन अनेक दशके मुख्य राहिले आहे. त्याला ओलारॅटुमॅब या औषधाची जोड दिल्यावर मध्यक जीवितकाल १४.७ वरून २६.५ महिन्यांवर गेल्याचे एका छोट्या चाचणीत दिसले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत ओलारॅटुमॅबला घाईने मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत आकडे निघाले जोडीसह २०.४ आणि जोडीविना १९.७ महिने. औषध मागे घ्यावे लागले.

उपचारांनंतरच्या तपासण्यांबाबत मोलाचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात हातापायांच्या हाडांच्या व मृदू ऊतकांच्या सार्कोमाच्या ५०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीचा साधा एक्स-रे काढत राहिलेले रुग्ण सीटी स्कॅन केलेल्यांपेक्षा लवकर दगावले नाहीत. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण दोन्हींकडे दोन-तृतीयांशाच्या आसपास होते. त्याच जागी परतलेली गाठ तर बहुतेक वेळा रुग्णाच्याच हाताला आधी लागली. गावाहून गाडीभाडे खर्चून येणाऱ्याला हा निष्कर्ष थेट परवडणारा आहे. दर तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी बोलावणे तितकेच सुरक्षित आहे, हे मात्र २०१४ च्या त्या निकालातून निर्विवाद सिद्ध झाले नाही.