फुसाए इचिकावा: तीन वाटा आणि एक निवड

युद्ध आणि स्त्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युद्धात होरपळलेली बाई येते. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या फुसाए इचिकावा या चित्रात बसत नाहीत. त्यांना युद्धाने छळलं, आणि त्यांनी युद्धाला हातभारही लावला. दोन्ही खरं आहे.

जन्म १८९३चा, आयची प्रांतातल्या शेतकरी घरातला. वडील आईला मारत. पण मुलींनी शिकावं हा आग्रहही त्यांचाच! मुलांकडे पाहून सगळं सोसते, असं आई म्हणायची. बाईच्या जातीने हे सोसायचंच का, हा प्रश्न तिथून सुरू झाला. फुसाए शिक्षिका झाल्या, मग नागोयात वार्ताहर. त्या काळी जपानात १९००च्या एका कायद्याने स्त्रियांना राजकीय सभेत नुसतं बसायलासुद्धा बंदी होती. राइचो हिरात्सुका यांच्यासोबत त्यांनी स्त्रियांची संघटना काढली आणि १९२२ साली हे कलम बदललं. तेव्हा इचिकावाबाई अमेरिकेत होत्या. १९२४मध्ये परतल्यावर त्यांनी मताधिकारासाठी संघटना उभारली. पुढच्याच वर्षी पंचविशीवरच्या पुरुषांना मत मिळालं, स्त्रियांना नाही. १९३१मध्ये फक्त स्थानिक निवडणुकांपुरतं एक विधेयक आलं. त्यातही विवाहितेला पद घ्यायचं तर नवऱ्याची संमती हवी! तेवढंसुद्धा वरिष्ठ सभागृहाने फेटाळलं.

आणि मग १९३७. चीनशी युद्ध पेटलं. आपल्यापुढे तीन वाटा होत्या, असं इचिकावाबाईंनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे: उघड विरोध करून तुरुंगात जायचं, चळवळ सोडून बाजूला व्हायचं, किंवा काही प्रमाणात सहकार्य करायचं.

इथे जरा थांबू. तत्त्वज्ञानाच्या वर्गात असे पर्याय फळ्यावर लिहिणं फार सोपं असतं. जपानात मात्र या वाटांवरून खऱ्या बायका चालत गेल्या. कादंबरीकार युरिको मियामोतो वारंवार तुरुंगात गेल्या, त्यांच्या लेखनावर बंदी आली. राइचो गावाकडे निघून गेल्या. समाजवादी किकुए यामाकावा यांनी लावे पाळून पोट भरलं. इचिकावाबाईंनी तिसरी वाट धरली. त्यांचा हिशेब असा, की सरकारला बायकांची गरज पडणारच आहे; मग बायकामुलांचे हाल कमी करायला आपलं माणूस आत असावं, आणि आपण राष्ट्राच्या कामाला लायक आहोत हेही दिसावं. हिशेब खोटा नव्हता. पण आत गेलेल्या माणसाला आतल्यांची भाषा बोलावी लागते. बचतीचा, काटकसरीचा प्रचार इथवर ठीक. १९४० साली स्वतःची संघटना विसर्जित करावी लागली, आणि १९४२च्या अखेरीस सरकारी छत्राखाली निघालेल्या देशभक्त लेखक-वक्त्यांच्या संघटनेत त्या संचालक झाल्या. ही फक्त रेशनची व्यवस्था नव्हे, हा युद्धाचा प्रचार होता. इथे त्यांचा बचाव करायला मी तयार नाही.

शरणागतीनंतर दहाच दिवसांत, २५ ऑगस्ट १९४५ला, त्यांनी पुन्हा बायका गोळा केल्या. डिसेंबरात मताधिकार मिळाला. १० एप्रिल १९४६च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. आणि इचिकावाबाईंचं मत? मतदार यादीत नावच नव्हतं! पुढच्या वर्षी युद्धकालीन सहकार्यापायी त्यांच्यावर सार्वजनिक जीवनातून बंदी आली, ती १९५०पर्यंत राहिली. त्याच वर्षी किकुए यामाकावा मात्र कामगार मंत्रालयातल्या स्त्रिया व बालकामगारांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

बंदी सर्वस्वी अन्यायाची होती असं मला वाटत नाही. फक्त तराजू सगळ्यांना सारखा होता का, हे विचारावंच लागतं. युद्धकाळात मंत्री असलेले आणि युद्धगुन्ह्याचे संशयित म्हणून कैदेत राहिलेले नोबुसुके किशी १९५७ला पंतप्रधान झाले.

इचिकावाबाई १९५३मध्ये टोकियोतून वरिष्ठ सभागृहात अपक्ष निवडून आल्या. पक्ष नाही, पैशाची उधळण नाही. पैशाच्या राजकारणाविरुद्ध त्या अखेरपर्यंत भांडल्या. १९७४मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सामाजिक नेतृत्वासाठीचा, त्याच विभागातला, जो १९५८ साली आपल्या विनोबांना मिळाला होता. १९७१ला त्या हरल्या होत्या, पण १९८०मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, राष्ट्रीय मतदारसंघात त्यांना सर्वाधिक मतं पडली, २७ लाखांच्या वर. फेब्रुवारी १९८१मध्ये वारल्या तेव्हा त्या खासदारच होत्या.