उकाईत जागा होती तेव्हा

शनिवार, ५ ऑगस्ट २००६. दुपार

सुरतेच्या वर तापी नदीवर असलेल्या उकाई धरणाच्या जलाशयात पाणी ३३५ फुटांच्या आसपास आहे. पूर्ण पातळी ३४५. डोंगरांच्या मधल्या या अफाट जलाशयात पुरासाठी उरलेली जागा दहा फुटांची. धरणाच्या नियमपत्रकाला ऑगस्टमध्ये साधारण एवढं पाणी चालतं, कारण पुढच्या वर्षीचा ऊस, वीज आणि सुरतेचे नळ त्यावरच आहेत. पुढचा पाऊस दगा देईल ही भीती रास्त आहे. पण आज आकाश जड असताना धरणातून जाणारं पाणी किरकोळ आहे, आणि माझ्या मते सुरतेचा पूर इथेच ठरला.

शनिवार, रात्र

तापीचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला बहुतेक भाग महाराष्ट्रात. मुलताई, मेळघाटापासूनचं आणि पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा या नद्यांचं पाणी तिच्यात येतं. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, पण मोठा पूर पोटात घेण्याइतकी जागा नाही. आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. खानदेशात नदी चढली की उकाईला पोचेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढाच सुरतेच्या हातात असतो. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या हजारो खानदेशी घरांचे नातेवाईक याच नदीच्या वरच्या काठांवर आहेत.

रविवार, ६ ऑगस्ट

आता विसर्ग लाखांच्या आकड्यांत. धरणापासून शहर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे काही तासांचं अंतर. पण ते पाणी मावणार कुठे? १९६८ च्या महापुरानंतर काठाकाठानं वस्ती वाढली, पूररेषेत इमारती उभ्या राहिल्या, खाड्या आक्रसल्या, मुखाशी हजिऱ्याला कारखाने आले. शहरातून जाणारं पात्र चार लाख क्युसेकच्या आसपासच निभावू शकतं.

सोमवार, ७ ऑगस्ट

जलाशयात दहा लाख क्युसेकहून जास्त पाणी येतं आहे. आता खुद्द धरण सांभाळायचं आहे, त्यामुळे दरवाजे उघडण्यावाचून इलाज नाही. शहरातल्या रांदेर, अडाजणमध्ये पाणी शिरतं.

मंगळवार, ८ ऑगस्ट

विसर्ग सुमारे नऊ लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला अडीच कोटी लिटर. पात्राच्या कुवतीच्या दुपटीहून जास्त. शहरातल्या होप पुलाजवळची धोक्याची पातळी साडेनऊ मीटर. या पुरात नदी तिथे १२.४० मीटरपर्यंत चढली. शहराचा तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. वीज गेली, फोन बंद पडले, तळमजले सोडून माणसं गच्च्यांवर गेली. सैन्याच्या होड्या आणि हेलिकॉप्टर आले.

बुधवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. समुद्राला उधाण, म्हणून नदीचं पाणी मुखाशी अडतं आणि शहरातून उतरायला वेळ लावतं. ढगांचा अंदाज चुकू शकतो, पण ही तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. धरणाच्या हिशेबात ती पहिल्या ओळीत हवी होती.

पुढचे दिवस

मृतांचा आकडा दीडशेच्या घरात गेला. रस्त्यांवर गाळ, मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य. १९९४ चा प्लेग सुरतेच्या आठवणीत ताजा होता, म्हणून पाणी पुरतं उतरण्याची वाट न पाहता दुसऱ्या शहरांतूनही सफाई कामगार आणले गेले. प्लेग आला नाही. जी घाई गाळ काढताना दाखवली, ती आदल्या शनिवारी धरणात जागा करताना दाखवता आली असती.