कुंडलच्या डोंगरात टाक्यांचा आवाज

किर्लोस्करवाडीकडून कुंडलच्या डोंगराकडे चालू लागा आणि वाटेतली एकेक गोष्ट पुसत जा. आधी ऊस जाईल, मग रेल्वेचे रूळ, मग १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडीसुद्धा. डोंगर मात्र जागचा हलणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा तो काळा कातळ आहे.

आता टण् टण् ऐकू येईल. पाथरवट उकिडवा बसून कातळात लेण्यासाठी जागा करतोय. तुम्ही जवळ वाकता तोच तो ओरडतो, "मागं सरा की! कपची डोळ्यात जाईल!" पायाशी पडलेली कपची उचलून बघा, कडा चाकूसारखी आहे. इथे दगड काढून दुसरीकडे बांधायचा नाही. जेवढा काढला तेवढी खोली झाली. खाण तीच आणि इमारतही तीच. हात एकदा जास्त चालला तर गेलेला दगड परत बसवता येत नाही.

हत्यारांचंच बघा. दूर मध्य अमेरिकेत टिकाळच्या माया कारागिरांनी गारेच्या हत्यारांनी चुनखडक तोडला, तोच भाजून चुनाही केला. धातूच्या हत्यारांवाचून त्यांनी शहर उभारलं. कुंडलच्या कातळाला मात्र पोलाद लागतं. म्हणून मला वाटतं, लेण्याच्या श्रेयात लोहाराचा वाटा पाथरवटाइतकाच मोठा आहे. भात्याजवळ जा. बोथट टाकी लाल करून लोहार टोक काढतो, मग पाणी देतो. पाणी जास्त चढलं तर टोक तुटतं, कमी पडलं तर दबतं. रंग बघून क्षण पकडायचा, एवढंच त्याच्या हाती.

आता लेण्याच्या आत भिंतीला तळवा लावा. ओल लागेल. वरच्या भेगाळ थरात मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि दोहोंच्या सांध्यातून पाझरतं. याच डोंगरातल्या झरी पार्श्वनाथ या जैन देवस्थानाच्या नावातही पाणी आहे. पाथरवट ओलीची रेघ बोटाने चाचपतो, गेरूची खूण दोन बोटं खाली घेतो आणि बोथट टाक्यांची मोळी तुमच्या हातात देतो.

"उभं काय राहिलासा? भात्यावर द्या ह्या. आन् धार लावलेल्या घिऊन या."