तंबूतला उन्हाळा

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची गोष्ट काढली म्हणून वाचक हसतील. अभ्यंगस्नानाच्या पहाटे अंगावर शहारा येत असताना वैशाखवणव्याची आठवण कशाला, असे कुणीही विचारील. पण ज्या उन्हाळ्याविषयी मी लिहिणार आहे त्याची तयारी खरोखरच दिवाळीनंतर सुरू होई. पाऊस सरला, रस्ते वाळले, की तंबू-थिएटरवाले आपल्या कनाती उन्हात पसरून त्यांची भोके शिवीत, सारा बाडबिस्तरा मालमोटारीवर चढवीत आणि गावोगावच्या जत्रा धरीत निघत. मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत त्यांचा संसार रस्त्यावरच. त्यातही चैत्र-वैशाख हे त्यांच्या सुगीचे दिवस; कारण शेतकऱ्याच्या हाती रब्बीचा पैसा खेळण्याचे, लग्नांचे आणि ग्रामदैवतांच्या यात्रांचे दिवस तेच. आणि आम्हा मुलांचे आजोळी जाण्याचेही तेच.

सिनेमा आणि ऊन यांचे नाते मात्र याहून जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली दादरच्या आपल्या बिऱ्हाडी ‘राजा हरिश्चंद्र’ घ्यायला सुरुवात केली, तेव्हा विजेचे दिवे लावून चित्रण करण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती. सूर्य हाच त्यांचा दिवा. दिवसभर उन्हात हरिश्चंद्र-तारामती उभी राहत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत त्या फिती धुतल्या जात. फितीच्या कडांना भोके पाडण्याचे नाजूक काम सरस्वतीबाई फाळके करीत. शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडे नेसावे लागले. हे चित्र गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आले ते ३ मे १९१३ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आपल्या देशी चित्रपटाचा जन्म असा उन्हातला आहे. पण गंमत अशी, की उन्हात घेतलेले हे चित्र पाहायला अंधारच लागतो!

मुंबईसारख्या शहरात या अंधारासाठी पक्की थिएटरे उभी राहिली. १९३३ साली रीगल आणि १९३८ साली मेट्रो झाले आणि गार हवेत बसून चित्र पाहण्याचे सुख पैसेवाल्यांना मिळू लागले. खेड्यांनी आपला अंधार स्वतःच उभारला, तो बांबू, दोर आणि कापड यांचा. कापडातून उजेड झिरपतो, म्हणून दिवे लागणी होऊन चांगले काळोखेपर्यंत पहिला खेळ लावता येत नसे. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा ही वाट पाहणेही मोठे. कर्ण्यावरून एकामागून एक गाणी लागत, बत्ताशे आणि शेंगदाणे खपत, बैलगाड्या सोडल्या जात. आवारापासून दूर ठेवलेल्या इंजिनाची धडधड सुरू झाली, की आता वीज येणार, हे आम्हाला कळे.

१४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि चित्र बोलू लागले. पुढच्याच वर्षी ६ फेब्रुवारीला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि ते मराठी बोलू लागले. मूकपट यंत्राचा दांडा हाताने फिरवून दाखविता येई. बोलपटाला सेकंदाला चोवीस चित्रांची ठरलेली गती आली, कर्णे आले. त्यामुळे फिरत्या सिनेमावाल्याचे ओझे वाढले, पण गिऱ्हाईकही वाढले. १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, हे शहरातल्या रसिकांना ठाऊक. माझ्या आजीला व्हेनिसचा पत्ता नव्हता. तिने तो लग्नाआधी जत्रेत, मातीत बसून पाहिला होता. “तुकोबा वैकुंठाला निघाले तवा समदा तंबू हात जोडून उभा ऱ्हायला,” असे ती सांगे.

आता माझी गोष्ट. आमचे आजोळ माण तालुक्यातले. पाणी कमी, दगड जास्त. १९९२ च्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी जत्रेत ‘माहेरची साडी’ आला. आदल्या वर्षी निघालेला हा विजय कोंडके यांचा चित्रपट शहरात गाजून गावांकडे वळला होता. तंबूत मधोमध दोर बांधलेला असे, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. मी लहान म्हणून आजीच्या कुशीत, बायांच्या बाजूला.

त्याआधीच्या पावसाळ्यात माझी धाकटी मावशी सासरी वारली होती. कशाने, ते आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही. मोठी माणसे ओट्यावर हळू बोलत आणि आम्ही गेलो की गप्प होत. आजी मात्र चारचौघांत रडलीच नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. भावकीतल्या बायका म्हणत, “म्हातारीचं काळीज दगडाचं.” आजोबांना घरात रडारड खपत नसे, हे त्यांना ठाऊक असूनही म्हणत.

पडद्यावर अलका कुबल सासरचा जाच सोसू लागल्या आणि सगळीकडून हुंदके येऊ लागले. मध्येच फीत तुटली, काळोख झाला. दोराच्या पलीकडे पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. एरवी मीही मारली असती. पण माझ्या डोक्यावर आजीचा हात होता आणि तो थरथरत होता. ती पदर तोंडात कोंबून रडत होती. तिच्या शेजारी वस्तीवरची एक बाई बसली होती. आजीने तिला उभ्या जन्मात आपल्या चुलीपाशी येऊ दिले नसते. त्या बाईने काही न विचारता आजीची पाठ चोळली. आजीने तो हात सारला नाही. फीत जोडली गेली, पुन्हा उजेड आला, तरी दोघी तशाच बसून होत्या. घरी परतताना आजी एवढेच म्हणाली, “बाळा, आजोबांना सांगू नगंस.” मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

उन्हाळ्याच्या आठवणी गोड करून सांगण्याची आपल्याला खोड असते. तंबूत उकडे, ढेकूण-पिसवा चावत, पुढच्याचे मुंडासे आड येई, निम्मे संवाद इंजिनाच्या आवाजात बुडत. तो दोरही काही कौतुकाचा नव्हता. आणि चित्रांचे हाल तर विचारू नका. जुन्या फिती नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या. देशात हजारावर मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण उरले ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. ‘राजा हरिश्चंद्र’चीही पहिली आणि शेवटची तेवढी रिळे राहिली, आणि तीसुद्धा १९१३ ची की १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्राची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले म्हणून जे वाचले ते वाचले. तरीही २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या कितीतरी फिती खाक झाल्या.

पुढे फीतच गेली. घरोघरी दूरदर्शन संच, मग तबकड्या, मग मोबाइल. चित्रपट संगणकावरून दाखवू लागले आणि कार्बनच्या कांड्या जाळणारी जुनी यंत्रे अडगळीत पडली. या फिरत्या सिनेमावाल्यांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात दाखविला गेला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची चित्रे दाखविली, ते अखेर स्वतः चित्रात आले.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी सातवीच्या वर्गाला ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’ हा नेहमीचाच निबंध घातला. बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमांची नावे लिहिली. मी सहज विचारले, “सिनेमा पाहून रडू आले का रे कुणाला?” मुले हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, रडायचा भाग आला की मी पुढे सरकवते. घरात सगळे बघत असतात ना.”

मी फळ्याकडे वळलो. उत्तर काय द्यावे ते मला सुचले नाही. आजी असती तर तिला सुचले असते.