मांस कशाला म्हणावे?

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून मी चर्चबाहेर पडत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी वाट अडवून उभ्या राहिल्या. चाळीस दिवस मांसाला शिवायचे नाही, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. आखातातून आलेल्या मुलाने पाकिटातली जेली आणली होती; नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी ती वाटीभर खाल्ली. मग कॉलेजात शिकणाऱ्या नातीने सांगितले, की तीत जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. "फादर, माझा नेम मोडला का हो?" मी म्हटले, "उद्या सांगतो." मावशींना वाटले असेल, फादर घाईत आहेत. खरे पाहता या प्रश्नाशी ख्रिस्तसभा कित्येक शतके झगडली आहे.

मध्ययुगीन युरोपात उपवासकाळ आजच्याहून फार कडक होता. मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी आणि चीज हेही वर्ज्य असे. १२७४ साली निवर्तलेल्या संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची मीमांसा केली आहे. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांचे मांस जिभेला अधिक सुख देते व शरीराला अधिक पुष्ट करते, म्हणून ते सोडायचे. दूध व अंडी त्याच प्राण्यांपासून येतात, म्हणून तीही सोडायची. मासळीला मात्र मोकळीक होती. या विवेचनात प्राण्याची हत्या हे पाप आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. प्रश्न वासनेला आवर घालण्याचा होता.

नियम एक असला तरी भूगोल एक नव्हता. दक्षिण युरोपात ऑलिव्हचे तेल मुबलक, त्यामुळे तेथे लोणी सोडणे जड जात नसे. उत्तरेकडे ऑलिव्हचे झाडच उगवत नाही. मग लोणी खाण्याची सवलत दानाच्या बदल्यात मिळू लागली. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलचा पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभारण्यास घेतलेला एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. अशा दानातून तो उभा राहिला, असे परंपरा सांगते. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली याच व्यवहारावर कोरडे ओढले. आमचे निकृष्ट तेल जनतेच्या गळी उतरवायचे आणि लोण्याची परवानगी विकायची, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या इतर मतांबद्दल काहीही म्हणता येईल. या बाबतीत त्यांना खोटे ठरवणे मला तरी कठीण वाटते.

पुढे बंधने सैलावली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविधिसंहितेने मांस व मांसाचा रस्सा वर्ज्य ठरवला. परंतु अंडी, दुधाचे पदार्थ, इतकेच नव्हे तर प्राण्यांच्या चरबीची फोडणीदेखील चालेल, असे स्पष्ट नमूद केले. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या फर्मानातही हीच सूट आहे. रश्शाचा उल्लेख तेवढा गळाला. म्हणजे अन्नात लपलेल्या प्राणिज अंशाचा विचार ख्रिस्तसभेने केला होता आणि तो क्षम्य मानला होता. या हिशेबाने जेलीला हरकत नव्हती.

पण ज्याने जीवदयेपोटी मांस सोडले, त्याला हा हिशेब कसा पटावा? त्याच्या दृष्टीने थेंबभर चरबीही चरबीच. १८८८ साली मुंबईहून विलायतेला निघालेल्या तरुण गांधींनी, बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या साक्षीने, मांस न खाण्याची प्रतिज्ञा आईजवळ केली होती. इंग्लंडमध्ये त्यांना मांसाच्या तीन व्याख्या भेटल्या. पहिलीत पशुपक्ष्यांचे मांस तेवढे मोडत होते, दुसरीत मासळीही होती, तर तिसरी अंडी व दुधापर्यंत जात होती. पहिली व्याख्या धरली असती तर अंडीच काय, मासळीही चालली असती. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग त्यांच्या ध्यानात आले, की प्रतिज्ञा देणाराने प्रामाणिकपणे लावलेला अर्थच खरा, आणि आईच्या लेखी अंडे हे मांसच होते. त्यानंतर शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा पुडिंगमध्ये व केकमध्ये अंडे आहे का, हे संकोच बाजूला सारून विचारणे त्यांच्या नशिबी आले.

व्याख्यांचा हा घोळ पुढेही मिटला नाही. इंग्लंडमध्ये १८४७ साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले होते. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी त्याहून पुढे गेले, दूध-अंडीही त्यांनी नाकारली आणि 'व्हीगन' हा नवा शब्द घडवला. चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे कळल्यावर दूध चालणारेही कोड्यात पडतात. आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध व मध बसतात, अंडे बसत नाही. गांधीजींच्या आईचीच व्याख्या जणू कायद्यात उतरली आहे.

गांधीजींनी पुढे, १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत दूधही सोडले. १९१८ च्या आजारानंतर ते माथेरानला राहून आले, तरी प्रकृती सुधारेना. मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, शेळीचे दूध तर चालेल ना? व्रत घेताना मनात गाय व म्हैस होती, म्हणून त्यांनी ते घेतले. पण आपण व्रताचे अक्षर पाळले आणि आत्मा गमावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींना मी विचारले, "नेम केलात तेव्हा मनात काय होते?"

"मटण, कोंबडी, लग्नाघरचे विंदालू," त्या म्हणाल्या. "मासळी मी कधी सोडलीच नाही."

"मग जेली त्यात नव्हती," मी म्हटले. त्या समाधानाने घरी गेल्या. शेळीच्या दुधाची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही.