धरमतर खाडीकाठचे डोलवी : बंदर, खार आणि पोलाद

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, अंबा नदीच्या धरमतर खाडीकाठी डोलवी हे गाव वसलेले आहे. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या या गावाचा परिचय आज पोलाद कारखान्याच्या नावाने होतो. त्यामुळे गावाचा इतिहास १९९४ पासून सुरू झाला असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः कारखाना येथेच का आला, या प्रश्नाचे उत्तर खाडीच्या कितीतरी जुन्या इतिहासात आहे.

अंबा नदी सह्याद्रीत उगम पावून जांभूळपाडा, पाली, नागोठणे या मार्गाने वाहते आणि रेवस व करंजा यांच्या दरम्यान मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. तिच्या उत्तरार्धात भरतीचे खारे पाणी थेट नागोठण्यापर्यंत चढते. नदी आणि समुद्र यांच्या या मिश्र प्रवाहामुळे दोन गोष्टी घडल्या : एक जलमार्ग मिळाला आणि दोन्ही काठांना चिखलाची सपाट, खारी जमीन तयार झाली.

जलमार्गाचे महत्त्व प्राचीन आहे. नागोठण्याचा जुना दगडी पूल सन १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन याने बांधल्याचे सांगितले जाते. यावरून चौलकडे जाणाऱ्या वाहतुकीचा अंदाज येतो. याच नदीच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला, २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली. ब्रिटिश काळात मुंबईहून आगबोटीने खाडीत येऊन पुढे खुष्कीने महाडमार्गे महाबळेश्वर गाठण्याची वहिवाट होती. पेणचा माल अंतोरे बंदरातून जाई. धरमतरचे बंदर तर पेण, नागोठणे व अलिबाग या तिन्ही दिशांच्या प्रवाशांचे उतरण्याचे ठिकाण होते. पुढे रस्ते झाले, १९८६ मध्ये आपटा-रोहा लोहमार्ग सुरू झाला आणि उतारूंची जलवाहतूक मागे पडली.

या भूभागाचा खरा इतिहास मात्र बंदरापेक्षा बांधावर अधिक घडला. खाडीचे पाणी अडवून भातशेतीसाठी जमीन मिळविण्याच्या पद्धतीतून पेण भागात 'शिलोत्री' हा धारापद्धतीचा प्रकार उदयास आला. बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची असे आणि त्या मोबदल्यात तो कुळांकडून सरकारी धाऱ्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात घेई. याच्याच जोडीने शेतकऱ्यांची 'जोळ' ही सामुदायिक व्यवस्था होती. एका बांधाआतील सर्व खातेदार मिळून बांधाची डागडुजी करीत, उघाडीवर लक्ष ठेवीत आणि उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली तर घरटी माणूस धावून जाई. खाऱ्या जमिनीत तग धरणारा लाल दाण्याचा राता भात याच कष्टांवर पिकत असे.

ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला, तो खोत-सावकारांच्या जाचाविरुद्धच होता. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती रद्द होण्यास १९४९ उजाडले. कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली. परंतु जमिनीचा मालक बदलला, तसा बाहेरच्या बांधाचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहिला. १९४८ च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने ही जबाबदारी शासनाकडे नेली. बांध शासनाचा झाला, तसतशी जोळ विरत गेली. कागदोपत्री हा बदल छोटा दिसतो, पण खारेपाटाच्या दृष्टीने तो कारखान्याच्या आगमनाइतकाच मोठा मानावा लागेल. खांड बुजविण्यास एक हंगाम उशीर झाला तरी शेतात खारे पाणी शिरते, मीठ मुरते, पुढील काही वर्षे पीक येत नाही आणि हळूहळू तेथे कांदळवन वाढते.

अशा दुबळ्या झालेल्या शेतीच्या शेजारी उद्योग आले. नागोठण्यात १९९० च्या सुमारास पेट्रोरसायन संकुल सुरू झाले, तर डोलवीत १९९४ मध्ये निप्पॉन डेन्रो इस्पातचा स्पंज आयर्न प्रकल्प कार्यान्वित झाला. २०१० मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने इस्पातचा ताबा घेतला आणि २०२१ पर्यंत प्रकल्पाची वार्षिक क्षमता एक कोटी टनांपर्यंत वाढविली. रोजगार वाढला, गावाची बाजारपेठ वाढली, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, बार्जांच्या लाटांनी काठ खचतो अशी खाडीकाठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. पेण तालुक्यातील शेतकरी जमिनीच्या प्रश्नावर किती जागरूक आहेत, हे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यात दिसले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी त्यासाठी जनमत घेण्यात आले होते.

आज रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड बंदरात मोठ्या जहाजांतून उतरलेला कच्चा माल लहान जहाजांनी धरमतरच्या धक्क्यावर आणला जातो. ही जहाजेही पूर्वीच्या गलबतांप्रमाणेच भरतीची वेळ पाहूनच खाडीत शिरतात. त्याच भरतीच्या वेळी काठावरच्या उघाडीची झडप बंद आहे की नाही, हे पाहण्यासाठी मात्र आता जोळीचा माणूस नसतो.