सहा बाइटांतले हुलसूर

व्यासांनी सांगावे आणि गणरायाने लिहावे, अशी महाभारताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाप्पा ही लेखनाचीही देवता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत अक्षरांचीच एक अलीकडची गोष्ट: संगणकात जागा फार थोडी होती, तेव्हा आपली अक्षरे तिथे कशी मावली?

आधी एक छोटे यंत्र पाहू. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या नातवंडांच्या दप्तरात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर असतो. कॅसिओने १९८५ साली असा पहिला कॅल्क्युलेटर आणला, त्यात प्रोग्रॅमसाठी जागा होती ४२२ बाइट. एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढा मजकूर! १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये ती सुमारे चोवीस हजार बाइट झाली. तेवढ्यात शाळकरी मुलांनी खेळ लिहिले. ओळीच्या शेवटचा कंस गाळला की एक बाइट वाचे. एका संख्येला नऊ बाइट लागत, म्हणून एकीतच दोन गोष्टी ठेवायच्या: ३.०७ म्हणजे तिसरी ओळ, सातवा रकाना. यंत्राची स्वतःची युक्ती याहून चांगली होती. ‘डिस्प’ हा हुकूम पडद्यावर चार अक्षरी दिसे, पण आत साठवला जाई एकाच बाइटात. आत फक्त क्रमांक, रूप दाखवतानाच तयार व्हायचे.

आपल्या लिप्यांचा प्रश्नही याच तत्त्वाने सुटला. १९८० च्या दशकातल्या संगणकात प्रत्येक अक्षराला एक बाइट मिळे आणि एका बाइटात २५६ च क्रमांक बसतात. त्यातले निम्मे इंग्रजीने घेतलेले. उरलेल्या १२८ मध्ये आपली बाराखडी आणि शेकडो जोडाक्षरे कशी बसवायची? आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये यावर काम झाले. त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा. उत्तर असे निघाले की जोडाक्षर साठवायचेच नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलंत, ष असे तीन क्रमांक ठेवायचे आणि आकृती काढण्याचे काम ‘जिस्ट’ नावाच्या कार्डाकडे द्यायचे. हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी बनवलेले प्रोग्रॅमही मराठीत चालत.

खरी गंमत पुढे आहे. देवनागरी, कन्नड, तेलुगू या सगळ्या ब्राह्मीच्या लेकी, वर्णमालेचा क्रम सगळ्यांचा एकच. मग प्रत्येकीला वेगळे घर कशाला? ‘क’ कोणत्याही लिपीतला असो, क्रमांक १७९. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हा संकेत ‘इस्की’ म्हणून प्रमाण केला. कन्नडचे ऱ्हस्व ए-ओ त्यात आले. मराठी आणि कन्नड दोघींना लागणारा ‘ळ’ही आला.

हुलसूरकरांना याचे अप्रूप वाटायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे म्हैसूर राज्यात आलो. तेव्हापासून पाटी कोणत्या लिपीत लावायची, हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा आणि कधी वादाचाही विषय. इस्कीत मात्र ‘हुलसूर’ म्हणजे ह, उकार, ल, स, ऊकार, र असे सहा बाइट. लिपी बदलली की तेच सहा क्रमांक कन्नडमध्ये उमटत. मजकूर पुन्हा टंकायची गरज नसे.

या काटकसरीची किंमतही होती. नुसत्या क्रमांकांवरून मजकूर मराठी की कन्नड हे कळत नसे, ते वेगळे सांगावे लागे. स्मृती स्वस्त झाली, तसे युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. आज मोबाइलवर ‘हुलसूर’ लिहिले की सहाच्या जागी अठरा बाइट लागतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण युनिकोडने मांडणी इस्कीवरूनच घेतली. देवनागरीच्या घरात ‘क’ बाविसाव्या जागी बसतो, कन्नडच्या घरातही बाविसाव्याच.

घरे वेगळी झाली, पंगतीतली जागा तीच राहिली. आपल्या गल्लीत एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड बोलत एकाच मंडपात आरतीला उभे राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.